न मोजता घेतलेली गोष्ट

समजा, तुम्हाला एक गोष्ट लिहायची आहे. आजची नाही, तीनशे वर्षांनंतरची. तिच्यात आभाळापलीकडे चालणारी जहाजं आहेत. माणसं अशा ठिकाणी राहताहेत, जिथं पाणीसुद्धा दुसरीकडून आणावं लागतं. आणि हे सगळं वाचणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे. तुम्ही बसला आहात सेनगावात, तहसीलच्या फाटकासमोरच्या एका पत्र्याच्या दुकानात. समोर संगणक आहे. लाईट साडेनवाला जाते. वेळेवर येणारं या गावात काही नसलं तरी ती जाते मात्र वेळेवर. त्यानंतर टेबलाखालची बॅटरी बारा मिनिटं टिकते. दुकान नवाला उघडतं, म्हणजे तुमच्या हातात आठ ते नऊ एवढा एक तास आहे, आणि गिऱ्हाईक उशिरा आलं तर वरची थोडी मिनिटं. तुम्ही जहाज उतरवायला घेतलेलं असतं, तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एक म्हातारा वाकून आत येतो. त्याच्या हातात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज असतो. "बाई, फोटो कुठं चिकटवू?" तुम्ही जागा दाखवता आणि परत जहाजाकडे वळता.

आता लिहा. आठशे शब्दांत संपवा, कारण तेवढेच बसतात.

शिला राठोडनं २००५ ते २००७ या काळात अशा बावीस गोष्टी लिहिल्या. पुण्याच्या एका वाचकानं तिला कळवलं होतं, "तुमच्या लेखणीचा संयम विलक्षण आहे." शिलानं ते दुकानाचा मालक रामप्रसादला वाचून दाखवलं. रामप्रसाद टेबलाखाली वाकून बॅटरीच्या तारा खालीवर करत होता. तो म्हणाला, "त्यायले म्हणा, नवी बॅटरी घेऊन द्या. मंग बघू संयम किती राहते ते."

शिला तांड्यातली. सेनगावहून जीपनं वीस मिनिटं, आणि जीप भरेपर्यंत एक तास. बाप धर्मसिंग सोयाबीन आणि तूर काढायचा. त्याच्या आज्यापर्यंतच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडल्या होत्या. त्या हिंडण्याला लदेणी म्हणायचे. शिलानं हिंगोलीला संगणकाचा डिप्लोमा केला. तांड्यात असं काही करणारी ती पहिलीच. मग पुण्यात चार महिने नोकरी शोधली. एका कंपनीत साहेबानं गाव विचारलं, तांडा म्हणजे काय ते विचारलं, त्यांच्यात लग्नं कशी होतात तेही विचारलं. संगणकाचं मात्र काहीच विचारलं नाही. ती परत आली आणि रामप्रसादच्या दुकानात अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि लग्नपत्रिका टाइप करायला लागली. तेव्हापासून राग तिच्या अंगात मुक्कामाला होता. टाइप करताना ती कळा इतक्या जोरात दाबायची की रामप्रसाद म्हणायचा, "राठोड मॅडम, कीबोर्ड काहून मारून राहिल्या? त्यानं काय केलं?"

विज्ञानकथा तिनं डिप्लोमाच्या वर्षांत ढीगभर वाचल्या होत्या. आवडल्या होत्या, म्हणूनच चीड जास्त होती. तीनशे वर्षांनंतरच्या जहाजावरही कॅप्टन, शास्त्रज्ञ, डॉक्टर, सगळे एकाच पेठेतून उठून आल्यासारखे. तीनशे वर्षांत एक राठोड त्या जहाजावर चढू नये? मग तिनं वेगळा विचार केला. ग्रहाग्रहांमधून जड माल वाहायचा, वर्षानुवर्षं घर नाही, दार नाही, पाण्याचा ठिकाणा नाही. हे काम तेव्हा कोण करणार? उत्तर तिला लगेच सापडलं. आमीच करणार. तिथून तिची लदेणी सुरू झाली. चाळीस जहाजं, बैलांसारखी एकामागं एक. पुढच्या जहाजाच्या गळ्यात घंटा. पोकळीत तिचा आवाज येत नाही, तरी बांधलेली.

बारीकसारीक गोष्टी ती बापाला विचारायची. घरातलं बोलणं गोरमाटीतलं, म्हणजे बंजारा बोलीतलं, इथं ते मराठीत देतो आहे.

"बा, मीठ उतरवताना काय करायचे?"

"मोजायचे."

"कोण मोजायचं?"

"घेणारा. आपण हात मागं घेऊन उभं राहायचं. त्यानं एक एक गोणीला हात लावून मोजायची."

"अन् न्हाई मोजली तर?"

धर्मसिंग बिडी विझवून म्हणाला, "तर माल परत लादायचा. माझा आजा सांगायचा, एका शेटनं न मोजताच पैसे पुढं केले. म्हणला, गरीब लोकं हायेत, राहू द्या. आज्यानं सगळ्या गोण्या परत बैलांवर घातल्या. दिवस मावळायला आला होता, बैल थकले होते, तरी घातल्या. म्हणला, यानं आपलं मीठ घेतलं न्हाई, आपल्याला भीक घातली."

शिलानं हे वहीत लिहून घेतलं.

२००६च्या पावसाळ्यात सुनिताताईंची मेल आली. सुनिताताई पुण्याच्या. मराठी लेखनाचं एक संकेतस्थळ त्या चालवत, आणि शिला आपल्या गोष्टी तिथंच टाकायची. त्यांनी एक योजना सुचवली. देशातले, परदेशातले मराठी लोक वर्गणी भरतील. शिलानं दर महिन्याला एक नवी गोष्ट फक्त त्यांना मेलनं पाठवायची. वर्गणी ताई गोळा करून शिलाच्या खात्यात टाकतील. "आणि एक फोटो पाठव," त्यांनी शेवटी लिहिलं होतं, "तुमच्या पारंपरिक वेशातला असेल तर फारच छान."

शिलानं तो वेश जन्मात घातला नव्हता. आईच्या पेटीतून फेटिया-काचळी काढली. आरशांचं भरतकाम, कवड्या, सगळं आईच्या मापाचं. दुकानामागं उभी राहिली आणि रामप्रसादनं फोटो काढला.

"हे घालून तुमी कधी हिंडल्या, मॅडम?"

"न्हाई. त्यांना पाहिजे."

"काहून पाहिजे?"

"पुढं पुस्तक झालं तर लागंल."

"मंग हसा जरा. पुस्तक हाय, पोलीस स्टेशनचा फोटो न्हाई."

वर्गणीदार एक्केचाळीस झाले. अमेरिका, दुबई, ठाणे, पुणे. धर्मसिंगनं हे जीपमध्ये सांगितलं, बाजारात सांगितलं, गिरणीत सांगितलं. कनेरगाव नाक्याहून शिलाला स्थळ आलं, तेव्हा त्या लोकांना चहा पाजून तो म्हणाला, "दोन वर्षं थांबा. पोरीचं लिहिलेलं लोक पैसे मोजून वाचून राहिले. कामात हाय ती." मुलाचा काका म्हणाला, "लिहिलेलं? काय लिहिलेलं? अर्ज?" धर्मसिंगनं त्याच्या हातातला कप काढून घेतला. चहा अजून अर्धा होता.

म्हणजे शिलाच्या जिवाला लागलेली गोष्ट ही होती. पैसे थोडे होते, ते दुकानात जास्त पत्रिका टाइप करूनही मिळाले असते. पण एक्केचाळीस माणसं आपला माल विकत घेताहेत, यावर ती उभी होती. तिच्यामागं बापही उभा होता.

वर्गणीदारांत एकच माणूस खवट होता. विश्वंभर, मूळचा शिरड शहापूरचा, मस्कतला क्रेन दुरुस्तीच्या कामावर. बाकीचे लिहायचे, "अप्रतिम", "अंतर्मुख केलंत". विश्वंभर एका ओळीची तक्रार पाठवायचा. "मॅडम, निघताना जहाजावर ऐंशी गोण्या होत्या, उतरताना अठ्ठ्याहत्तर झाल्या. दोन कुठं गेल्या?" शिला त्याच्या मेलला उत्तर द्यायची नाही. तिला वाटायचं, जवळच्या गावचा माणूस आपलं चांगलं बघू शकत नाही तो असा.

मे २००७. लग्नसराई. दिवसाला तीसतीस पत्रिका. वर्गणीदारांसाठीची आठवी गोष्ट शिलानं तीन आठवडे डोक्यात घोळवली होती. जहाजं मीठ घेऊन एका तळावर पोचतात आणि तळावर कोणी जिवंत उरलेलं नसतं. नियम असा, की घेणाऱ्यानं मोजल्याशिवाय माल उतरवायचा नाही. जहाजाची नायकीण दारातच थांबते. अकरा वर्षं थांबते. शेवटी जहाजावरच जन्मलेली तिची मुलगी दाराच्या पलीकडं जाऊन उभी राहते, गोणीवर हात ठेवते आणि म्हणते, एक.

गोष्ट संपली तेव्हा लाईट गेलेली होती आणि बॅटरी टूंटूं करत होती. पत्रिका ज्या फॉन्टमध्ये दुकानात टाइप व्हायच्या, त्याच फॉन्टमध्ये शिला गोष्टही लिहायची. तो फॉन्ट दुकानाच्या संगणकावर होता, बाहेर कुठं नव्हता. म्हणून पाठवण्याआधी मजकूर सगळीकडं उघडेल अशा लिपीत बदलून घ्यावा लागायचा. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी ते राहिलं. स्क्रीनवर अक्षरं कशी स्वच्छ दिसत होती. तिनं तशीच फाइल एक्केचाळीस जणांना पाठवली आणि संगणक बंद पडला.

आठवड्याभरात सतरा उत्तरं आली. "अप्रतिम." "शेवट अनपेक्षित." "तुमच्या मातीचा गंध आहे." ठाण्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "शेवट वाचताना डोळ्यांत पाणी आलं. बराच वेळ काही बोलूच शकले नाही." शिला ती मेल चारदा वाचून थांबली नाही. तिनं प्रिंट काढली, दुकानाच्या यंत्रात लॅमिनेट केली आणि घरी नेली. धर्मसिंगला वाचता येत नव्हतं. त्यानं ती दोनदा वाचून घेतली, मग दारासमोरच्या खिळ्याला टांगली. शेजारचा भावसिंग आला की म्हणायचा, "वाच की. तू तर सातवी झालेला."

जूनमध्ये विश्वंभरची मेल आली. "मॅडम, महिनाभर समुद्रातल्या कामावर होतो, मेल आज बघितली. गोष्ट उघडत नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं आहेत. फॉन्ट फुटला आहे. परत पाठवा."

शिलाला आधी त्याचाच राग आला. याचाच संगणक जुना असणार. पण दुकानात त्याच आठवड्यात दुसरा संगणक आला होता आणि त्यावर अजून फॉन्ट टाकलेले नव्हते. तिनं पाठवलेली फाइल त्यावर उघडली.

पडदाभर कचरा. आठशे शब्दांचा कचरा. एक अक्षर वाचता येत नव्हतं.

ती तो बघत बसली. दारातलं गिऱ्हाईक दोनदा खाकरलं. मग तिनं सतरा उत्तरं काढली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. अप्रतिम. शेवट अनपेक्षित. मातीचा गंध.

"काय झालं?" रामप्रसादनं विचारलं.

"काही न्हाई. लोकांना डॉलरच्या चिन्हांत मातीचा वास येऊन राहिला."

तिनं विश्वंभरला पहिल्यांदाच उत्तर लिहिलं. विचारलं, बाकी कोणी तक्रार केली नाही, तुम्हीच कशी केली? तो म्हणाला, बाकीच्यांचं मला माहीत नाही. मग त्यानंच उलट विचारलं, तुमचं इंग्रजी पान तुम्ही बघितलंय का? आणि खाली पत्ता दिला.

ते पान संकेतस्थळाच्या इंग्रजी भागात होतं. शिला तिकडं कधी फिरकली नव्हती. वर तिचा फोटो, आईच्या फेटिया-काचळीतला. खाली लिहिलेलं, त्याचा अर्थ असा: वीज नाही, नळ नाही, पण कंदिलाच्या उजेडात ही भटक्या जमातीतली मुलगी स्वप्नं लिहिते. महिन्याला एका पिझ्झाच्या किमतीत तिला लिहितं ठेवा. डिप्लोमाचा उल्लेख नव्हता. जहाजांचा नव्हता. ती काय लिहिते, हेसुद्धा कुठं नव्हतं.

कंदील तांड्यातल्या घरात होता खरा. त्याची काच चार वर्षांपासून फुटलेली होती.

तिनं ताईंना फोन लावला.

"ताई, मे महिन्याची गोष्ट वाचली तुम्ही?"

"वाचली ना अगं. फारच सुंदर. ती जहाजं वगैरे."

"अन् शेवट?"

"शेवट तर..." ताई थांबल्या. "शिला, काही झालंय का?"

"ती गोष्ट कोणाच्याच संगणकावर उघडली न्हाई. फॉन्ट बदलायचा राहिला. चूक माझी. तुमच्याकडं पण चिन्हंच आली असतील."

मग ताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघ, लोक कामात असतात. सगळ्यांना दर वेळी जमतंच असं नाही. पण त्यांनी तुला साथ दिली आहे, हे महत्त्वाचं नाही का?"

"अन् ते इंग्रजी पान?"

"त्या पानामुळेच तर ते आले, शिला. तुला काय वाटलं, आभाळातल्या मिठाच्या गोण्यांसाठी आले?"

ताईंचा आवाज वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की ही मुलगी समजूतदार आहे, आता तिला समजेल. शिलाला समजलं. पुण्यातल्या त्या साहेबाला आपण केबिनमध्येच सोडून आलो असं ती समजत होती. तो एक्केचाळीस वर्गण्या भरून पाठोपाठ सेनगावपर्यंत आला होता.

तिनं दुपारची जीप धरली. घरी येऊन खिळ्यावरचा कागद काढला.

"काहून काढून राहिली?" धर्मसिंगनं विचारलं.

तिनं सांगितलं. फॉन्टचं, फोटोचं, पिझ्झा म्हणजे काय त्याचं. आई पेटीजवळ उभी होती. तिनं फोटोचं ऐकलं तशी पेटीची कडी लावून टाकली. धर्मसिंगला फॉन्ट कळला नसावा. त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी त्यायनं मोजलं न्हाई?"

"न्हाई."

"मंग लाद."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शिलानं एक्केचाळीस जणांना मेल लिहिली. या वेळी लिपी दोनदा तपासली. "मे महिन्यात मी पाठवलेली गोष्ट वाचता येण्यासारखी नव्हती. ती चूक माझी. तरीही तुमच्यापैकी सतरा जणांनी ती आवडल्याचं कळवलं. माझ्या आजवरच्या कुठल्याही एका गोष्टीत काय घडतं, ते कृपया दोन ओळींत लिहा. जे लिहितील त्यांना पुढची गोष्ट जाईल. बाकीच्यांची उरलेली वर्गणी परत येईल. कंदील माझ्याकडे नाही. संगणक आहे."

रामप्रसादनं मागं उभं राहून ते वाचलं. "मॅडम, लक्ष्मीला कोणी परीक्षेला बसवते काय?"

"बसवते."

"किती पास होतील?"

"बघू."

चार जण पास झाले. पाचव्यानं भलत्याच कोणाची गोष्ट लिहून पाठवली. बरेच जण गप्प राहिले. काही चिडले. एकानं लिहिलं, मदत केली आणि वर परीक्षा. ताईंनी तिचं पान काढून टाकलं आणि एक लांब मेल पाठवली, तिच्यात "कृतज्ञता" हा शब्द सहा वेळा होता. वर्गणी परत करायला शिलानं दसऱ्यापर्यंत रविवारीही दुकानात काम केलं. कनेरगावच्या लोकांना कुठूनतरी बातमी लागली, आणि त्यांनी परत निरोप धाडला, की आता तरी पोरगी रिकामी झाली का. धर्मसिंगनं उलट निरोप दिला, की चार गिऱ्हाइकं आहेत आणि चौघं मोजून घेणारी आहेत.

आठवी गोष्ट त्या चौघांना नीट लिपीत गेली. विश्वंभरचं उत्तर दोन दिवसांत आलं. "मिळाली. वाचली. गोण्या बराबर आहेत. पण जहाजावर इतकी माणसं अकरा वर्षं थांबली तर तेवढं पाणी त्या टाकीत मावत नाही. हिशेब करून बघा."

शिला दिवसभर धुमसत होती. कळा बडवत होती. संध्याकाळी तिनं एका रद्द पत्रिकेच्या मागं हिशेब मांडला. पाणी मावत नव्हतं. सात वर्षांतच संपत होतं. तिनं जहाजाला टाकी वाढवून दिली आणि गोष्ट पुन्हा लिहिली. या वेळी ती साडेआठशे शब्दांची झाली, कारण रामप्रसादनं अखेर बॅटरी बदलली होती.

आता २००९ आहे. लदेणीच्या एकोणतीस गोष्टी झाल्या. मोजून घेणारे अकरा झालेत. फेटिया-काचळी पेटीत आहे. शिलानं ती पुन्हा मागितली नाही आणि आईनं पुन्हा काढली नाही. लॅमिनेट केलेला तो कागद मात्र तिनं फाडला नाही. तो फाटत नाही म्हणून नव्हे. टेबलाच्या खणात, पत्रिकांच्या नमुन्यांखाली तो ठेवलेला आहे.

सतरापैकी सोळा जणांचं तिला कळतं. ते खोटं बोलले. पटकन दोन शब्द लिहून मोकळे झाले, जसं कोणी न बघता रस्त्यात नाणं टाकतं. त्यांच्यावरचा तिचा राग जुना झालाय. पण ठाण्याच्या त्या बाईंनी दोन शब्द लिहिले नव्हते. त्यांनी लिहिलं होतं, बराच वेळ काही बोलूच शकले नाही. असं कोणी उगाच लिहीत नाही. किंवा लिहितं, आणि मग ते जास्तच वाईट आहे. शिलानं त्यांना तीनदा मेल केली. पहिली चिडून, दुसरी नम्रपणे, तिसरी एका ओळीची. उत्तर नाही. चौथी ती दर काही दिवसांनी मनात लिहिते, साडेनवाला लाईट गेली की, बॅटरी लागायच्या आधीच्या त्या एका क्षणात.

बाई, तुमच्यासमोर टिंबं होती, डॉलरची चिन्हं होती, आणि त्यांच्या वर माझं नाव होतं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते यातलं नेमकं काय बघून?